पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचा पासवर्ड

ऐक ना,

बाळाला घेऊन आईकडे चाललेय. तू लांब कामावर असतानाही आपल्या दोघांना एकत्र खेळता यावं म्हणून मी इंटरनेटवर भाड्याने घेतलेल्या मशीनवर गेमचा सर्व्हर उभा केला, तेव्हा पासवर्ड पाळण्यावरच्या कॅमेऱ्याचाच दिला. मांडीवर बाळ, एका हाताने नवा कुठून सुचणार? चुकलंच माझं.

आज गेममध्ये कुणीतरी आपली खोली हुबेहूब बांधलीये. पाळणाही खिडकीपाशी, जिथे आपण तो कालच सरकवला. मी कॅमेऱ्यावर ओढणी टाकली, तर लगेच गेमच्या चॅटमध्ये ओळ उमटली, ‘वहिनी, ओढणी काढा ना, बाळ दिसत नाही.’

कॅमेरा उपटलाय. सर्व्हर बंद करू नकोस, पोलिसांना दाखवायचाय. फ्रीजमधला डबा घे आणि तडक आईकडे ये. त्या खोलीच्या दारावर त्याने पाटी लावलीये. तिच्यावर आपला पत्ता आहे.