काप २१२ ते २३०

मी, खाली सही करणारा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचना विभागातून निवृत्त झालेला तंत्रज्ञ, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षरात कंप दिसेल तो हाताचा आहे, बुद्धीचा नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत टाचला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या सांगण्यावरून गप्प बसलो, पण हे लिहायला कोणी सांगितलेले नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. वाटण्यासारखे काही होते, पण सांगण्यासारखे जे होते ते सांगायची छाती नव्हती.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागची गॅलरी, माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीला, माझ्या भाचीला मिळावे. भिंतीवरचे घड्याळ पाच मिनिटे पुढे आहे. ते माझ्या पत्नीने तसे लावले होते, कोणी बरोबर करू नये.

कलम २. बँकेत जे काही शिल्लक असेल ते इस्पितळाच्या मुलांच्या वॉर्डाला द्यावे. पाठीचा कणा उघडा राहून जन्मलेली मुले तिथे असतात, त्यांच्या चाकाच्या खुर्च्यांसाठी ते वापरावे. देणगीदाराची पाटी लावू नये. पाट्यांचे काय होते ते मी पुढे लिहिले आहे.

कलम ३. माझ्या धाकट्या बहिणीला, म्हणजे भाचीच्या आईला, जिला घरात सगळे ताई म्हणतात, काहीही देऊ नये. तिला वाईट वाटेल, वाटू दे. आमचे एक मूल पोटातच गेले तेव्हापासून तिने माझ्या पत्नीला चार माणसांत कधी सुखाने बसू दिले नाही. "खोट तिच्याच घराण्यातली. आमच्याकडे सगळी धडधाकट," हे वाक्य मी तिच्या तोंडून किती वेळा ऐकले याचा हिशेब नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पत्नी उठून स्वयंपाकघरात जायची आणि घासलेली भांडी पुन्हा घासायची. मी ताईसमोर बसून राहायचो. ताईला हे कलम वाचून दाखवावे, आणि कलम सहाही दाखवावे, म्हणजे कोणाच्या घरात काय खोट होती ते तिला कळेल.

कलम ४. माझ्या चार सुऱ्या, धार लावायचा दगड आणि चामड्याचा पट्टा. ज्यांना माझे काम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गर्भ मेणात बसवायचा, मायक्रोटोम नावाच्या यंत्रावर सुरीने त्याचे केसाहून पातळ काप काढायचे, ते फितीसारखे एकामागून एक निघतात, मग ओळीने काचेवर चिकटवून रंगवायचे. अडतीस वर्षे मी हेच केले. लोक मला सुरीमास्तर म्हणायचे. तीन सुऱ्या आणि दगड विभागात आता जो कोणी हे काम करत असेल त्याला द्याव्या, सोबत पट्टाही द्यावा आणि रोज वापरायला सांगावे. चौथी सुरी, जिच्या मुठीला पांढरा दोरा गुंडाळलेला आहे, ती कोणालाही देऊ नये. लोहाराकडे नेऊन माझ्या देखत, मी नसलो तर साक्षीदारांच्या देखत, वितळवावी.

कलम ५. माझा देह महाविद्यालयाला देऊ नये. विभागप्रमुखांनी दोनदा फॉर्म पाठवला, चांगल्या शब्दांत पाठवला, त्यांच्यावर राग नाही. पण त्या विभागाने माझ्या घरातले एक आधीच नेले आहे. तेवढे पुरे.

कलम ६. आता ते.

१९७१ साली माझ्या पत्नीला दिवस गेले. पाळी चुकल्यावर तीन आठवड्यांत गर्भ पडला. त्या काळी प्रसूती वॉर्डातून असे गर्भ आमच्याकडे येत, आईला कोणी विचारत नसे. नर्सबाईंनी बरणी आणून टेबलावर ठेवली. एरवी त्या वहीत सही घेऊन लगबगीने निघून जायच्या, त्या दिवशी खाली बघत उभ्या राहिल्या. तेव्हा मला कळले. मी सरांना म्हणालो, हे काप दुसऱ्या कोणाला काढायला सांगा. सर म्हणजे आमचे प्राध्यापक, गर्भाच्या मज्जासंस्थेवर काम करायचे, त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा.

"दुसरा वाट लावेल," सर म्हणाले. "तुझ्यासारखा हात इथं कुणाचा आहे?"

मी फुशारलो. हे लिहायची लाज वाटते, पण मृत्युपत्रात खोटे लिहून कोणाची धन करायची?

मूल असे घडते. अगदी सुरुवातीला पाठीवर एक सपाट पट्टी असते. तिच्या दोन्ही कडा उचलतात, एकमेकींकडे झुकतात आणि मानेपाशी पहिल्यांदा जुळतात. तिथून वर डोक्याकडे आणि खाली शेपटाकडे नळी मिटत जाते. हिचाच पुढे मेंदू होतो, पाठीचा मज्जारज्जू होतो. चौथा आठवडा संपता संपता हे काम झालेले असते. पुष्कळ बायकांना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो. वरचे टोक उघडे राहिले तर डोके धड घडत नाही आणि मूल जगत नाही. खालचे राहिले तर पाठ उघडी राहते. दोन्ही प्रकारची मुले मी बरण्यांत पाहिली आहेत, त्यांच्या बरण्यांवरची धूळ पुसली आहे.

आमच्या गर्भाचे पाचशे चाळीस काप निघाले. सरांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि तीन आठवड्यांनी मला खोलीत बोलावले. काप २१२ ते २३० मध्ये नळीचे छत उघडे होते. "वर बंद, खाली बंद, मधेच मानेपाशी उघडी," सर म्हणाले. "जिथं सगळ्यात आधी जुळायला हवी तिथंच. असं कुणी पाहिलेलं नाही." त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. माणूस आनंदात होता. मग त्यांना आठवले की मी बाप आहे, आणि त्यांनी आवाज खाली आणला. हे तुम्हा दोघांपैकी एकाच्या रक्तात आहे, पुन्हा प्रयत्न करू नका, पुढचे मूल नऊ महिने वाढून उघड्या डोक्याचे जन्माला येईल, असे त्यांनी सांगितले. पुष्कळ वर्षांनी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी मला सांगितले की दोष खरा असता तरी पुढच्या मुलाला धोका शंभरात दोनचारच होता. दोनचार. आम्हाला शंभरात शंभर सांगितला होता.

सर काय म्हणाले ते मी घरी सांगितले, आणि आम्ही पुन्हा प्रयत्न केला नाही. पत्नी सव्वीस वर्षांची होती. सरांचा लेख छापून आला, पदक मिळाले, आमच्या स्लाइडींची पेटी संग्रहालयाच्या काचेच्या कपाटात गेली. खाली छापील पाटी लागली: मानेपाशी उघडी मज्जानलिका, जन्मजात विकृती, दुर्मिळ. मी त्या कपाटासमोरून रोज जेवणाचा डबा घेऊन जायचो.

१९९९ साली निवृत्त होताना खण रिकामा केला. तळाशी माझी कामाची जुनी वही होती. काप काढताना काय केले ते मी सवयीने टिपून ठेवायचो. त्या दिवसाच्या पानावर दोनच नोंदी होत्या. "२१२ : सुरी बदलली." "२३१ : रेघ दिसली, सुरी सरकवली."

सुरीच्या धारेला बारीकशी खाच असली की प्रत्येक काप एकाच जागी चिरत जातो. फितीत उभी रेघ दिसते. रेघ दिसली की सुरी सरकवून धारेचा चांगला भाग पुढे आणायचा, हे शिकाऊ माणसालाही कळते. मी त्या दिवशी पत्नीच्या खाटेपासून सरळ कामावर आलो होतो. दुपारी बदललेली सुरी, तीच पांढऱ्या दोऱ्याची, धार नीट करायला पट्ट्यावर घासलीच नव्हती. डोळे पाण्याने भरलेले, त्यामुळे रेघ एकोणीस काप उशिरा दिसली. विकृती जिथे सुरू होत होती तिथे माझी सुरी बदलली होती, आणि विकृती जिथे संपत होती तिथे माझी सुरी सरकली होती.

मी तसाच संग्रहालयात गेलो, किल्ली अजून माझ्याकडे होती. त्या स्लाइडी मी आयुष्यात पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली धरल्या. कापणाऱ्याने कापायचे, बघणारे निराळे, असा आमच्याकडे रिवाज होता. नळी खरोखर उघडी राहिली असेल तर तिची कड बाहेरच्या त्वचेशी सलग मिळून जाते. इथे कडा फाटलेल्या होत्या, आणि फाटलेल्या छताचा तुकडा आत पडलेला होता. छत होते. नळी मिटली होती. आमचे मूल नीट घडत होते. मग गर्भ का पडला, ते मला माहीत नाही. कितीतरी असेच पडतात आणि कारण सापडत नाही. पण ज्या कारणाने आम्ही दुसरे होऊ दिले नाही ते कारण माझ्या सुरीच्या धारेवर होते.

वही घेऊन मी सरांच्या घरी गेलो. सर तेव्हा ऐंशीचे होते. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचले, पुन्हा वाचले आणि वही मिटून माझ्या हातात दिली.

"आता कुणाला काय फरक पडतो? तुझी बायको पन्नाशी ओलांडून गेली."

"पाटी तरी बदलू या, सर."

"बदल. पण सुरी तुझी होती, बरं का." मग त्यांनी विचारले, "घरी सांगितलंस?"

"नाही."

"मग बस, चहा घे."

मी चहा घेतला. सर गेले, त्यांच्या शोकसभेत मी चार शब्द बोललो, सगळे चांगले बोललो. इतकी वर्षे मी त्यांच्या नावाने मनात बोटे मोडत आलो. सरांनी नीट पाहिले नाही, त्यांना नवीन काही हवे होते म्हणून त्यांना ते दिसले, हे सगळे खरे आहे. पण नाचता येईना अंगण वाकडे म्हणणाऱ्यांतला मीही एक आहे.

पत्नीला धक्का बसेल म्हणून सांगितले नाही, असे मी स्वतःला सांगत आलो. ते खोटे आहे. तिने एवढेच विचारले असते, "सुरी कोण चालवत होतं?" त्या प्रश्नाला मी तेरा वर्षे भ्यालो. २०१२ साली ती शेवटच्या दुखण्यात होती तेव्हा एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, "माझ्यामुळे तुम्हाला बाप होता आलं नाही. मनात ठेवू नका." वही तेव्हा घरातच होती, कपाटात, तिच्या साड्यांच्या वरच्या फळीवर. मी म्हणालो, "असू दे." तिला मी क्षमा केली. जिचा काही अपराध नव्हता तिला मी मोठ्या मनाने क्षमा केली, आणि ती समाधानाने डोळे मिटून पडली. ताईला काही देऊ नये असे वर लिहिले आहे, ते ठीकच आहे. मला काय देऊ नये हे लिहायला कलम सापडत नाही.

कलम ७. संग्रहालयातल्या पेटीखालची पाटी काढून नवी लावावी. मजकूर असा असावा: "गर्भ, वय सुमारे पाच आठवडे. मज्जानलिका पूर्ण मिटलेली. गर्भ निर्दोष. काप २१२ ते २३० मधील फट सुरीची." सोबत वहीच्या त्या पानाची प्रत लावावी. विभागाने टाळाटाळ केली तर भाचीने पाठपुरावा करावा, आणि हे काम होईपर्यंत घर तिच्या नावावर करू नये.

कलम ८. भाची तेहतीस वर्षांची आहे, लग्नाला सहा वर्षे झाली. तिला मूल हवे आहे आणि ती होऊ देत नाही. तिच्या आईने सगळ्या गावाला सांगितले की खोट मामींच्या घराण्यात आहे. पोरगी शिकलेली, तिने विचार केला की दोघांपैकी एक म्हणजे मामाही असू शकतो, आणि मामाचे रक्त तेच आपल्या आईचे. जीभ ताईची, भोगते तिची लेक. गेल्या महिन्यात ती माझ्यासमोर बसून म्हणाली, "मामा, खरं सांग. ते तुझ्याकडून होतं की मामीकडून?"

मी म्हणालो, "कसं कळणार गं?"

ती गेल्यावर मी कागद काढून हे मृत्युपत्र लिहायला घेतले. आता इथवर आल्यावर दिसते की हेही पाकिटात बंद करून मी पुन्हा तेच करतो आहे. मी अजून दहा वर्षे जगलो तर ती त्रेचाळीसची होईल. म्हणून हे मृत्युपत्र मोहोरबंद करू नये आणि माझ्या मरणाची वाट पाहू नये. उद्या, रविवारी, भाचीला बोलावून मी स्वतः ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन. दोन्ही साक्षीदारांनी हजर राहावे, म्हणजे मला मधली पाने गाळता येणार नाहीत. भाचीला घर मिळते आहे म्हणून तिला साक्षीदार करता येत नाही, नाहीतर तिलाच केले असते.

हे सर्व मी वाचले, समजले, आणि ते खरे आहे.

ठिकाण : राहते घर, जेवणाचे टेबल
दिनांक : १६ मार्च २०१९

(सही) सुरीमास्तर, लिहून ठेवणार

साक्षीदार, आमच्या देखत सही केली म्हणून :
१. (सही) खालच्या मजल्यावरचे घड्याळ दुरुस्त करणारे
२. (सही) प्रसूती वॉर्डाच्या निवृत्त नर्सबाई, ज्यांनी ती बरणी आणली होती

पुरवणी, दिनांक १७ मार्च २०१९

आज दोन्ही साक्षीदारांसमोर भाचीला वरील सर्व वाचून दाखवले. एकही पान गाळले नाही. कलम सहा संपल्यावर तिने मला थांबवले आणि विचारले, "म्हणजे मामी गेली तेव्हा तिला वाटत होतं की तिच्यामुळे?" मी हो म्हणालो. पुढचे तिने पूर्ण ऐकून घेतले.

मग तिने वही मागितली, मी दिली. "पाटी मी बदलून घेते," ती म्हणाली. "घर मला नको." चहा ठेवला होता, तो तिने घेतला नाही. जिन्यात थांबून ती फोनवर बराच वेळ बोलत होती. नर्सबाई तिच्या मागोमाग उतरल्या, त्यांनी ऐकले असावे, पण मला सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

सबब कलम एकमधील भाचीचा उल्लेख तिच्या इच्छेनुसार रद्द केला आहे. तिच्या जागी कोणाचे नाव लिहावे ते मला सुचत नाही. जागा कोरी ठेवली आहे.

(सही)
साक्षीदार १ (सही), साक्षीदार २ (सही)