काहून आणि कायले

४ जुलै
...रोलरचं एक टोक माझ्या हातात, दुसरं बाबांच्या. मशीनवरून उतरवता उतरवता वामनकाकांनी विचारलं, "पोट्टी सायन्सलेच हाये ना रे, तिकडे नेदरलँडले?"
बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग!"
रोलर खाली ठेवला. त्यावरच्या चामड्याला अजून मागच्या हंगामाचा वास.

जिनिंग, म्हणजे सरकी काढायचा कारखाना, बंद आहे. कापूस दिवाळीच्या सुमाराला येईल. तोवर बाबा एकेक मशीन खोलतात, पुसतात, परत लावतात. ते इथले फिटर, वामनकाका चौकीदार. दोघांची मैत्री माझ्यापेक्षा वयानं मोठी. मी सुट्टीत आले की बॅटरी धरायला जाते.

"मंग" म्हणजे होय. मी बॅटरी पुढच्या मशीनकडे वळवली.

५ जुलै
मार्ताची मेल. कॉलेजात प्रत्येकाला एक सल्लागार असतो, मला मार्ता. पहिलं वर्ष सगळं थोडं थोडं शिकायचं, दुसऱ्याच्या आधी मुख्य विषय सांगायचा. मुदत शुक्रवार, ११ तारीख. तिथले दुपारचे बारा, इथले, दिग्रसचे, साडेतीन. फॉर्मवर दोनच रकाने: कोणता विषय, आणि का.

कोणता ते ठरलं आहे. भाषाशास्त्र. वर्षभर रसायन केलं, स्टॅटिस्टिक्स केलं, दोन्ही आवडलं. पण जेवण विसरून बसले ती याच एका विषयासाठी.

बाबांना फॉर्म भरण्याआधी सांगायचं. नंतर सांगितलं तर ते कळवणं होईल.

६ जुलै
कॉलेजाविषयी बाबांची समजूत आज पहिल्यांदा पूर्ण ऐकली. आईला सांगत होते.
"आर्ट्स अँड सायन्स म्हनजे आपल्या इथल्यासारखंच. बिल्डिंग एक. आर्ट्सवाले खाली, सायन्सवाले वर."
"अन् कॉमर्स?"
"कॉमर्स नाई त्याइच्यात."
"काहून?"
"जागा कमी असन."
हसू दाबायला मोरीत गेले.

बाबांचं फार चुकत नाही. जिल्ह्यात पाहावं त्या कॉलेजच्या कमानीवर कला, वाणिज्य व विज्ञान. आत शिरलं की ज्याचा त्याचा जिना ठरलेला. बारावीला चांगले मार्क असले तर वरचा. मला चांगले होते. आमच्या तिथे जिनाच वेगळा नाही, हे कसं सांगू. सकाळी प्रयोगशाळेत असलेली मुलगी दुपारी कवितेवरून भांडते. इथे याला धरसोड म्हणतात.

७ जुलै
सुट्टीतला अभ्यास: घरच्या बोलीतली एक गोष्ट घ्या, वीस वाक्यं गोळा करा. मी "का" घेतला. पुस्तकी मराठीत "कशाला"ही आहे, पण लिहिणारे "का"वरच भागवतात. आपल्याकडे दोन, काहून आणि कायले. वहीत दोन्हींसाठी "का." असं लिहीत गेले. अर्ध्या तासानं मलाच कळेना कुठला कुठला. आता हू. आणि ले.

दुपारच्या सुट्टीत बाबांना उलट्या खोक्यावर बसवलं. फोन सुरू.
"मशीन काहून बंद पडली, असं म्हणता ना?"
"हो."
"मशीन कायले बंद पडली, हे चालेल?"
बाबांनी डबा बाजूला ठेवला. "अवं, तिले काय मन हाये का? मशीन काहून बंद पडते. कायले बंद पडते तो मानूस."
वामनकाका म्हणाले, "मी कायले बंद पडतो, सांग बरं?"
"काम दिसलं का पडतो."
पुढचं रेकॉर्डिंग नुसतं हसणं. वामनकाकांचा ठसका.

८ जुलै
बाबांचं वाक्य मार्तासाठी इंग्रजीत करायला बसले. झालं नाही. तीन ओळींची टीप जोडून पाठवलं. उत्तर लगेच: हा माणूस कोण? लिहिलं, वडील, जिनिंगमध्ये फिटर. तिचं उत्तर: त्यांना अजून विचार.

विचारलं. हू. मागचं विचारतो, काय घडलं म्हणून. ले. पुढचं, काय साधणार म्हणून. "काहून आली?" म्हटलं तर काळजी. "कायले आली?" म्हटलं तर आली नसतीस तरी चाललं असतं. आई दोन्ही एका दमात म्हणू शकते.

बाबा आता स्वतःहून वाक्यं आणतात, येताना भाजी आणावी तशी. आज चार. एक बसस्टँडवर ऐकलेलं, तिकिटाच्या मागे लिहून.

९ जुलै
बाबांनी विचारलं, "हे समदं कोनत्या विषयात येते?"
"भाषाशास्त्रात."
"शास्त्र!" म्हणाले, आणि समाधानानं मिशीवरून हात फिरवला. संध्याकाळी फाटकावर वामनकाकांना सांगताना ऐकलं, "शास्त्रच हाये ते."

आयता शब्द मिळाला. गप्प राहिले तर खोटं बोलल्यासारखं होत नाही. खरं बोलल्यासारखंही नाही. दोन पोळ्या कमी खाल्ल्या. आई म्हणाली, "काहून वं?" हू. होता. वहीत घेतला.

१० जुलै
सांगितलं. बाबा हातावरचं ग्रीस धूत होते, पाठ माझ्याकडे.
"बाबा, ते शास्त्र म्हणजे सायन्स नाही. आपल्याकडे त्याला आर्ट्समध्ये धरतात. मी तेच घेते आहे."
साबण दुसऱ्यांदा लावला.
"मार्क कमी पडले का?"
"नाही. रसायनात सगळ्यात जास्त आहेत."
"कोनी म्हटलं का, तुले जमनार नाई?"
"नाही."
"मंग काहून?"
याचं उत्तर माझ्याजवळ होतं, ते सांगितलं. वर्गात एकदा मला माझ्या गावचं वाक्य म्हणायला सांगितलं. मी पुस्तकातलं म्हटलं. खोलीवर गेल्यावर लक्षात आलं, असं आमच्या घरात कोणीच बोलत नाही. त्या दिवसापासून तुम्ही, आई, वामनकाका फोनवर बोलता ते वेगळं ऐकू यायला लागलं. थांबवता येत नाही.
बाबांनी सगळं ऐकलं. टॉवेल खांद्यावर तसाच, हात ओले.
"हे झालं काहून," म्हणाले. "कायले, ते सांग."
मी साबण जागेवर ठेवला.

जेवताना बाबांनी फक्त वरण मागितलं. रागावले असते तर सोपं गेलं असतं, राग मला ओळखता येतो.

११ जुलै
३.०५ लाईट गेली. ३.१४ आली. मध्ये आईनं भिंतीकडे बघून महावितरणला जे ऐकवलं त्यात तीन ले.

विषय: भाषाशास्त्र. खालचा रकाना: why. त्यांच्याकडे एकच आहे. हू. लिहिला, बाबांना सांगितला तोच. शेवटी एक ओळ: कशासाठी, ते अजून माहीत नाही, वडिलांनी विचारलं आहे. पाठवलं. ३.२२.

बाबा सहाला आले. म्हटलं, फॉर्म भरला.
"बरं."
या "बरं"चे वीस नमुने गोळा केले तरी अर्थ लागायचा नाही.

१२ जुलै
सकाळी बाबांनी हाक मारली नाही. नऊला मीच गेले. ते मशीनपाशी बसलेले. मी बॅटरी धरली.
दोन नट सोडवून झाल्यावर म्हणाले, "त्या मार्ताले मराठी येते का?"
"नाही."
"मंग आपलं वाक्य बरोबर हाये का चूक, तिले कसं कयते?"
"कळत नाही. मला विचारते."
बाबांनी हात पुढे केला. मी पाना दिला.
"तुले इचारते," म्हणाले, आणि मशीनखाली शिरले.