नऊची गोळी

३ जुलै
गोळ्या ९.००. वजन ६१. बी.पी. ठीक.
पुण्याच्या डॉक्टरांची व्हिडिओवर दुसरी भेट. एप्रिलपासून हे सुरू झालं, बरंच झालं. गंगाखेडहून रात्रभर रेल्वेत अंग आंबवत जायचं टळलं. दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. ही म्हणाली, "पोरगी बघायला चाललाव का?"
सात मिनिटं. किडनीने गाळायचं ते क्रिएटिनिन १.२ चं १.५ झालंय. गोळीची रक्तातली लेव्हल चौदा, पाहिजे सात. "औषध जास्त होतंय, त्यानेच किडनीला त्रास होतोय," म्हणाले. दोनऐवजी दीड, दोन्ही वेळा. कमी गोळ्या म्हणजे चांगलंच की.

९ जुलै
गोळ्या ९.००. गजर वाजायच्या आधीच हात डब्यावर होता. बत्तीस वर्षं बसस्टँडवर गाड्यांच्या वेळा लिहिल्या, ते वाया गेलं नाही. दोन वर्षांत एक गोळी एक मिनिट इकडची तिकडे नाही. पुण्याला सिस्टर बाकीच्या पेशंटांना माझं उदाहरण द्यायच्या. फुशारकी आहे, पण रोजनिशीत नाही मारायची तर कुठं?
आणि किडनी माझी थोडीच आहे. हिची आहे. माझ्या अंगाने ती परकी म्हणून नाकारू नये, त्यासाठीच ही गोळी. दुसऱ्याची वस्तू जपूनच वापरावी लागते.

२४ जुलै
रक्त द्यायला गंगाखेड. राणीसावरगावहून सकाळची बस. गोळी बसमध्येच, बरोबर ९.००. शेजारचा म्हातारा म्हणाला, "घड्याळ बघून औषध घेणारा पैलाच माणूस बघायलोय." लॅब दहाला उघडते. तिथल्या कदीरभाईंनी १०.४० ला रक्त काढलं, फॉर्मही त्यांनीच भरला. अक्षर सुंदर आहे त्यांचं. येताना हिच्यासाठी जांभळं घेतली.

२८ जुलै
व्हिडिओ. लेव्हल तेरा. क्रि. १.९. डॉक्टर कपाळाला आठ्या घालून कागद बघत होते. "डोस कमी करूनही?" मग आणखी कमी केला. एक-एक.
"बाकी कसं वाटतंय?"
"बरं आहे."
ही दाराशी उभी होती, कॅमेऱ्यात यायला लाजते. फोन ठेवल्यावर भडकली. "बरं हाय म्हणं! सुजलेले पाय का न्हाई दाखवले?" कॅमेऱ्यात माझं तोंडच येतं, पाय टेबलाखाली. त्यांनी विचारलं नाही, मी दाखवले नाहीत. डॉक्टरला कसं आहे विचारल्यावर बरं आहे म्हणायचं, हे आमच्या घरात लहानपणापासूनचं.

७ ऑगस्ट
वजन ६४. सोनपेठला मेव्हण्याकडे जेवायला. तोंडाला चव नाही, दोन घासांत हात धुतले. येताना बसमध्ये चपलेचे पट्टे रुतले. घरी हिने घोट्यावर अंगठा दाबला, खड्डा पडला तो पडलाच. दोघंही त्या खड्ड्याकडे बघत बसलो.
लघवी कमी. आज ७०० मिली. गोळ्या ९.००.

२१ ऑगस्ट
शाळेत मुलांची रक्ततपासणी होती, कदीरभाई गावातच आले. "आलोच हाय तर तुमचं बी घेतो साहेब, कशाला बसमध्ये हाल." ८.३० ला रक्त दिलं. घरी येऊन चहा, गोळ्या ९.००. एक खेप वाचली म्हणून खूश होतो.

२५ ऑगस्ट
लेव्हल दोन.
क्रि. २.८.
डॉक्टर: "गोळ्या चुकवता का?"
असा राग आला! मी, आणि गोळ्या चुकवणार! ते म्हणाले, "लेव्हल अशी कोसळत नाही. रक्त नेहमी गोळीच्या आधीच देता ना? फॉर्मवर शेवटची गोळी रात्री नऊची लिहिलीय."
"हो," रागाच्या भरात म्हणून गेलो.
"मग हा रिपोर्ट चुकलाय. पुन्हा करा. तोवर हाच डोस."
दुपारी जुन्या पावत्या काढल्या. १०.४०. त्याआधीची १०.५०. दोन्ही दिवशी नऊची गोळी पोटात, तीच रक्तात चढलेली. या खेपेला पहिल्यांदा आधी रक्त, मग गोळी.
म्हणजे चौदा खोटे. तेरा खोटे. दोन खरे. म्हणजे दोन महिने औषध

पुढे लिहवेना.

२६ ऑगस्ट
कदीरभाईंना फोन. "रात्री नऊ तुम्ही लिहिलंत?"
"साहेब, रकाना भरावा लागतो. या तपासणीला सगळे गोळी न घेताच येतात. तुमी कधी बोल्ले न्हाई."
खरंय. त्यांनी विचारलं नाही, मी बोललो नाही. पुण्याला साडेआठला रक्त काढायचे, मग कँटीनमध्ये पोहे, मग नऊला गोळी. क्रम आपोआप जमायचा. तो का, हे मी कधी विचारलं नाही. वेळ पाळली की सगळं पाळलं, असं समजत होतो.
डॉक्टरांचा नंबर लागत नाही. दुपारपर्यंत नऊ वेळा लावला. खरं सांगायचं तर दोनदा मीच रिंग वाजायच्या आत कापला. गोळ्या चुकवल्या म्हणाले असते तर कमी लाज वाटली असती.
हिला सांगितलं नाही. भाकऱ्या करत होती. सांगायचं म्हणून दोनदा चुलीजवळ गेलो आणि पाणी पिऊन आलो. भीती वाटते. मरणाची नाही, हिच्या तोंडाची.

२७ ऑगस्ट
किडनी बसवलेल्या जागी दुखतंय. दोन वर्षांत कधी दुखलं नव्हतं. हिला सांगितलं, सगळं. ओरडेल वाटलं. ओरडली नाही. पदराला हात पुसले, म्हणाली, "फोन लावा." लागला.
"कसं वाटतंय?" डॉक्टर.
"बरं," एवढं तोंडातून गेलंच.
हिने फोन हिसकावला. पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर आली. "बरं न्हाई सायेब, हे बघा." माझ्या पायावर फोन धरला, अंगठा दाबला. मग मला म्हणाली, "सांगा आता." सांगितलं. बस, नऊची गोळी, पावत्या, परवाचं "हो".
डॉक्टरांनी जुने रिपोर्ट पुन्हा बघितले.
"डोस आत्ताच पूर्ववत करा. आजच निघा. सुईने किडनीचा तुकडा काढून तपासावा लागेल."
"वाचंल का?" हिने विचारलं.
"आधी या."

संध्याकाळी, गंगाखेड स्टेशन
गाडीला वेळ आहे. बाकावर बसलोय. ही फाईल मांडीवर घेऊन बसलीय, मला हात लावू देत नाही. स्वतःच्या डाव्या कुशीवर, किडनी काढल्याच्या टाक्यांवर, तिचा हात आहे. तिला ते कळत नसावं.
म्हणाली, "अजून चालायलीय ना ती?"
हो म्हणालो. लघवी सकाळपासून १५० मिली. ते तिला सांगितलेलं नाही.