बावीस घोड्यांची लीद

१४ जानेवारी

चि. ठमीस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार ओळींत सहा वेळा लीद मागितली आहेस! तुझी वहिनी म्हणाली, लोक बहिणीला कापडचोपड पाठवतात, तुम्ही पाठवा घोड्यांची लीद. वखारीची बावीस घोडी पुढून मालकांचे ओंडके ओढतात आणि मागून तुझं काम करतात, तेव्हा कमी पडायचं नाही.

उद्या सहा गाड्या निघतील. आठ महिने कुजलेली, काळी, भुसभुशीत, वास म्हणून नाही. यंदा चारा नव्या व्यापाऱ्याकडचा आहे, त्यात तण औषधालाही सापडत नाही. आबा प्रत्येक नव्या ढिगात घेवड्याचे चार दाणे लावून पंधरा दिवस उगवण बघत बसायचे, ते मात्र करू नकोस. लागवडीचे दिवस हातचे जातील. शिवाय भावाचं खत पारखून घेतलंस तर गाडीवान चार गावांत सांगत सुटेल.

तब्येतीला जप. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझा दादा

३ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

गाड्या पोचल्या. खत हातात घेतलं आणि आबांची आठवण आली. दाणे लावले नाहीत. दोन दिवस मन खात होतं, मग म्हटलं, तबेल्याचा मुकादम आपलाच भाऊ, त्याच्यावर विश्वास नाही तर कुणावर ठेवायचा? चार गाड्या मी पसरल्या, दोन पलीकडच्या बांधावरच्या मावशींना दिल्या. त्यांच्या गुडघ्यानं हल्ली दगा दिलाय, खत मिळवायला कुठे हिंडणार? नेहमीप्रमाणे घेवडा लावलाय त्यांनी. एकटी बाई, वर्षभर त्या घेवड्यावरच जगते.

माझी टोमॅटोची चार हजार रोपं लागली. कापडाच्या दुकानातली नोकरी सोडून आबांच्या जमिनीवर आले तेव्हा सगळ्यांनी वेड्यात काढलं, एकटा तू म्हणालास, कर. हे पीक साधलं तर मी इथे राहिले, नाही तर पुन्हा गज घेऊन काउंटरमागे. इतकं सरळ आहे ते.

वहिनींना नमस्कार. लोभ आहे तो वाढवावा.

तुझी ठमी

२२ फेब्रुवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

दादा, रोपं गेली. आधी शेंडे मुडपले, मग पानं मुठीसारखी वळली, आता देठ पिळल्यासारखे झालेत. चारही हजार. मावशींचा घेवडाही तसाच. पाणी बघितलं, कीड बघितली, काही नाही.

काल शेतकी खात्याचे साहेब आले. त्यांनी पीक बघायच्या आधी खत विचारलं, आणि खत बघायच्या आधी घोड्यांचा चारा. म्हणाले, कुरणातलं तण मारायला एक औषध फवारतात. गवताला त्यानं काही होत नाही, गवत खाणाऱ्या घोड्यालाही नाही. ते पोटातून तसंच लिदीत उतरतं, कुजवूनही लवकर जात नाही, आणि टोमॅटो-घेवड्याला गाठतं. दोन-तीन वर्षं या जमिनीत मका-गहू सोडून काही लावू नका म्हणाले.

तू मनाला लावून घेऊ नकोस. व्यापाऱ्यानं सांगितलं नाही तर तुला बिचाऱ्याला कसं कळणार? दाणे लावायचे सोडून मीच शेफारले. फक्त त्या व्यापाऱ्याला जाब विचार, आणि पत्र लवकर पाठव. फार एकटं वाटतंय.

तुझी ठमी

२ मार्च

प्रिय वन्संना स. न. वि. वि.

तुमच्या भावाच्या ऐवजी मीच लिहिते आहे. तुमचं पत्र आल्यापासून यांचं जेवणात लक्ष नाही. पत्राला उत्तर लिहा म्हटलं की पाठ दुखते म्हणून आडवे होतात. म्हटलं, बाई तिकडे काळजी करत असेल.

वन्सं, अगदी असंच आमच्या परसातल्या टोमॅटोचं झालं होतं हो, नोव्हेंबरात. अशीच वळलेली पानं. यांनी सगळी रोपं स्वतः उपटली, वरची वीतभर माती खणून बाहेर टाकली, आणि तेव्हापासून मला परसात लिदीची ओंजळसुद्धा टाकू देत नाहीत. नेहमीचे बागवानही लीद न्यायचे बंद झाले. आवारात डोंगर साठला, मालक रोज यांच्या नावानं ओरडत होते. मी तेव्हाच म्हटलं होतं, वन्संना कळवून ठेवा. हो म्हणाले होते. विसरले असतील, कामाच्या व्यापात राहून जातं.

तुम्ही खचू नका. आमच्या मातीत आता मेथी बरी उगवली आहे. दोघांची आठवण ठेवा.

तुमची वहिनी

९ मार्च

दादास,

वहिनींचं पत्र मिळालं. त्यांना रागावू नकोस, त्यांना काही कळलेलं नाही.

नोव्हेंबरात तुला माहीत होतं. जानेवारीत तू मला लिहिलंस की दाणे लावू नकोस. ती ओळ मी इतक्या वेळा वाचली की कागद घडीवर फाटलाय. तू स्वतःची वीतभर माती खणून काढलीस आणि माझ्या तीन एकरांसाठी सहा गाड्या पाठवल्यास. मालकांचं आवार स्वच्छ झालं ना? शाबासकी मिळाली असेल.

मी काहीतरी करीन. दुकानवाले परत घेतील, टोमणे मारून घेतील. पण मावशी रोज बांधावर येऊन उभ्या राहतात आणि मलाच विचारतात, अगं, माझं काय चुकलं? मी त्यांना सांगितलं, तुमचं नाही, माझं चुकलं, मी खत न बघता दिलं. तुझं नाव मी घेतलं नाही, जीभ वळली नाही. ते तू येऊन स्वतः सांगायचं आहेस, त्यांच्या अंगणात, त्यांच्या तोंडावर. बाकी काही नको मला.

ठमी

१९ मार्च

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझा राग समजतो. पण माझीही बाजू बघ. मालकांनी आठ दिवसांत आवार मोकळं कर, नाही तर दुसरा मुकादम बघतो म्हणून सांगितलं होतं. या वयात मला कोण ठेवणार? वाटलं, परस ते केवढं आणि शेत केवढं, एवढ्या मातीत मुरून जाईल. शिवाय आपलीच जमीन. परक्याच्या शेतात टाकलं असतं तर त्यानं मला उभा जाळला असता, तू समजून घेशील असं वाटलं.

यायचं मनात होतं, पण घोड्यांच्या नालबंदीचे दिवस आहेत, रजा नाही. डोंगरापलीकडच्या एका शेतकऱ्याच्या बैलांचं शेणखत मिळालं आहे. तो चारा स्वतः पिकवतो, फवारत नाही. एक गाडी पाठवत आहे. अर्धी तुझी, अर्धी मावशींची. त्यांना काय सांगायचं ते तू नीट सांगशीलच, तुला बोलता येतं.

पाठच्या बहिणीनं मनात आढी ठेवू नये.

तुझा दादा

२४ मार्च

दादास,

गाडी आली. गाडीवानाशेजारची जागा रिकामी होती. त्याला पाणी दिलं, बैलांना पाणी दाखवलं आणि गाडी भरलेलीच परत फिरवली.

मावशी काठी टेकत बांधापर्यंत आल्या होत्या. कोण आलं होतं म्हणून विचारलं. म्हटलं, कुणी नाही मावशी, पत्ता चुकला होता.

ठमी