हॉलमधल्या पाइपाबाबत खुलासा

देवास, ता. १७ सप्टेंबर २००८

तीर्थस्वरूप आक्कांच्या पायांशी धाकट्या यशवंताचा दंडवत.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत. तुमची कंबर, तुमची मांजर आणि परसातलं सीताफळ ही तिन्ही ठीक असावीत. कंबरेला एरंडेल चोळता की डॉक्टरांनी दिलेलं ते वासाचं मलम, हेही कळवा. (सुमंगला म्हणते एरंडेलच चांगलं. पण तेलाच्या बाबतीत तिचं मत सध्या फारसं विचारात घेऊ नये. का, ते पुढे येईल.)

तुमचं पोस्टकार्ड परवा पोचलं. दोनच ओळी होत्या. "विठोबामामांकडून कळले ते खरे काय? खरे असल्यास सुमंगलेला घेऊन ताबडतोब इकडे निघून ये. खोटे असल्यास तसे लिही." आक्का, तुम्ही मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होतात त्याला आता दहा वर्षं झाली, तरी तुमचं कार्ड हातात घेताना माझी नखं तपासणीच्या भीतीने आपोआप मुठीत जातात. त्यातून कार्ड उघडं. पोस्टमनने ते देताना "साब, जवाब जल्दी दे देना" असं सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दिलं का म्हणून विचारायला परत आला. म्हणून हा सविस्तर खुलासा. मामांनी जे पाहिलं ते पाहिलं. पण त्यांनी शेवटची दहा मिनिटं पाहिली, आणि प्रकरण जूनपासूनचं आहे.

जूनमध्ये आपल्या अभिषेकला कंपनीने आठ महिन्यांसाठी जर्मनीला धाडलं आणि सूनबाई बंगलोरचं बिऱ्हाड बंद करून आमच्याकडे राहायला आल्या. शिवानीला तुम्ही लग्नातच काय ती पाहिलीत. इंदूरची पोर, शिक्षण सगळं हिंदीत, त्यामुळे घरात मराठी बोलायची तिला धास्ती. सुमंगलेला हिंदी येतं, पण ते भाजीवालीशी बोलण्यापुरतं. सासू-सून दोघी अतिशय सभ्य. इतक्या सभ्य, की पहिला महिनाभर घरात "चहा घेता का?" आणि "नको, आत्ताच झाला" एवढंच ऐकू येई. मी फॅक्टरीतून आलो की दोघी दोन खोल्यांतून माझ्याशी बोलायच्या. मशीनचे दोन भाग नवे असले की मध्ये तेल लागतं, हे मला तीस वर्षं फिटर राहून कळतं. पण इथे तेल कुठे घालायचं ते कळेना.

त्याच सुमारास सुमंगलेची साखर तपासली. दोनशे अडुसष्ट. डॉक्टरीणबाईंनी तिला काट्यावर उभं केलं, काटा शहाऐंशीवर गेला, आणि बाईंनी चष्मा काढून सांगितलं की पंधरा किलो उतरवा, नाहीतर आधी गुडघे जातील आणि मग डोळे. तुम्हाला ठाऊक आहे, अलीकडे ती फोटोत सुद्धा कुणाच्या तरी मागे उभी राहायची, आणि लग्नकार्यात जिना असला की "तुम्हीच जाऊन या" म्हणायची. मी तिला रोज पहाटे टेकडीवर नेऊ लागलो. देवीचं दर्शन व्हायचं, पण उतरल्यावर खाली कचोरीवाला बसलेला. महिनाभरात तिचं वजन अर्धा किलो वाढलं आणि माझं दोन किलो. (माझ्या वजनाचा इथे संबंध नाही.)

एक दिवस रडत बसलेली सुमंगला शिवानीने पाहिली. जवळ जाऊन काय बोलावं हे तिला सुचेना, म्हणून ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाबा, आईंचं वजन मी घटवून देईन. पण घरात एक पोल लागेल."

मी म्हटलं, वीज बोर्डाकडे अर्ज करावा लागतो, आणि पोल ते घरात देत नाहीत.

तेव्हा तिने कागदावर काढून दाखवलं. जमिनीपासून छतापर्यंत एक उभा गुळगुळीत पाइप. कशाला, असं मी विचारलं नाही. (आक्का, इथे माझी चूक झाली, मान्य. पण फिटर माणसाला कुणी नकाशा काढून दाखवला, की त्याला व्यास किती आणि लांबी किती एवढंच सुचतं.) पंचेचाळीस मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा पाइप आणला. खाली स्क्रू जॅक, वर छताला टेकणारी फ्लँजची चकती, चकतीवर रबर, आणि हौसेने दोन्ही टोकांना बेअरिंग. वजन पेलतं का पाहायला गव्हाचं शंभर किलोचं पोतं एक रात्रभर बांधून ठेवलं. सकाळी शिवानीने पाइपाला हात लावला आणि ओरडली, "बाबा, हा तर घूमतोय!" मी अभिमानाने म्हटलं, घुमणारच, जपानी बेअरिंग आहे.

शेजारचे खंडोजी ठेकेदार पेपर मागायला आले, त्यांनी पाइप पाहिला, मग छताकडे पाहिलं, मग हळू आवाजात विचारलं, "भिया, लेंटर बैठ रिया है क्या?" मला खरं कारण ठाऊक नव्हतं, म्हणून मी "छत थोडंसं खचतंय" म्हणालो. संध्याकाळपर्यंत कॉलनीत आमचं घर पडणार असल्याची बातमी झाली आणि तीन घरांतून आम्हाला जेवणाचे डबे आले. (डबे उत्तम होते. परत करताना काय सांगावं हा प्रश्न होता.)

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी करून आलो तर सुमंगला अभिषेकची जुनी फुटबॉलची चड्डी आणि माझा बनियन घालून त्या पाइपाला मिठी मारून उभी, आणि शिवानी टाळ्या वाजवत होती. आक्का, यालाच पोल डान्स म्हणतात. नावावर जाऊ नका. मीही आधी नावावरच गेलो होतो आणि दोन दिवस गॅलरीत जेवलो. मग शिवानीने मला खुर्चीवर बसवून स्वतः करून दाखवलं. बंगलोरला ऑफिसातल्या मुली कसरतीसाठी हे शिकतात, ती दोन वर्षं शिकली आहे. ती पोर सरसर वर गेली, पायांनी पाइप धरला, हात सोडले आणि उलटी लटकून मला म्हणाली, "बाबा, ही ताकत आहे, नाच नाही." धारेच्या आखाड्यात आपले आजोबा मल्लखांबावर जे करत ते हेच. फरक इतकाच, की खांब लाकडाऐवजी स्टीलचा आणि चड्डी लंगोटापेक्षा पुष्कळ मोठी.

पहिले दोन आठवडे सुमंगला फक्त पाइपाभोवती चालली. तिसऱ्या आठवड्यात तिने लटकायचा प्रयत्न केला, पण आंघोळीनंतर अंगाला खोबरेल लावायची तिची सवय, त्यामुळे ती जिथून निघाली तिथेच बसलेली सापडायची. पकड कातडीने येते म्हणून तेल बंद झालं आणि खडूची पूड आली. मी फॅक्टरीत असताना दोघींचं काय चाले ते मला एकेक कळू लागलं. शिवानी प्रकारांची इंग्रजी नावं सांगे, सुमंगला ती मोडीत काढून आपली नावं ठेवी. एकाचं नाव पालखी, एकाचं वेलांटी, आणि ज्यात सपशेल आपटायला होतं त्याचं नाव यशवंतराव. घरात हसण्याचा आवाज येऊ लागला. शिवानी मराठीत भांडू लागली. सुमंगलेने दुपारचा साखरभात आणि त्यावरची झोप सोडली. ऑगस्टअखेर काटा ऐंशीवर आला.

आणि मग विठोबामामा आले.

हाटपिपल्याहून डोल ग्यारशीच्या, भाद्रपद एकादशीच्या, उत्सवाचं आमंत्रण द्यायला ते दरवर्षी स्वतः येतात. त्या दिवशी सुमंगला पहिल्यांदा साडेचार फूट वर जाऊन, मांड्यांत पाइप धरून, हात सोडून बसली होती. मी खाली गादीशी घड्याळ घेऊन सेकंद मोजत होतो. तेवढ्यात अभिषेकचा फोन आला, आणि शिवानी "मी येईपर्यंत उतरू नका, उतरायचं अजून शिकवलं नाही" असं सांगून गच्चीवर गेली. दार उघडंच होतं. मामा टोपी आणि छत्रीसकट आत आले.

मी सेकंद मोजतच राहिलो. सुमंगलेला मात्र रीत सुचली. आलेल्या वडीलधाऱ्याचं स्वागत करायला ती वाकली, आणि वाकल्याबरोबर जपानी बेअरिंगने आपलं काम केलं. ती सावकाश फिरू लागली. "या मामा, बसा," हे तोंड मामांकडे असताना झालं. "मामींचे गुडघे," एवढं खिडकीकडे. "कसे आहेत?" हे देवघराकडे. "चहा ठेवते," म्हणेपर्यंत ती परत मामांसमोर. मामा जुन्या वळणाचे. बाईमाणसाशी पाठीमागून बोलणं बरं नाही, म्हणून तेही तिच्या तोंडासमोर राहायला पाइपाभोवती चालू लागले. अशा चार फेऱ्या झाल्या. पाचवीत त्यांनी छत्री मला दिली आणि आमंत्रणाची अक्षत तिच्या हातावर ठेवली. तिने तिथूनच नमस्कार केला. शिवानी धावत खाली आली तेव्हा मामा फाटकाबाहेर पोचले होते. छत्री अजून आमच्याकडे आहे.

इथपर्यंत हसण्यासारखं होतं. त्यापुढचं नव्हतं. त्या दिवसापासून सुमंगलेने चड्डी-बनियन सोडून दिवसभर साडीच नेसली आणि पाइपावर ओली चादर वाळत घातली. "या वयात शोभा करून घेतली," एवढंच म्हणे. डोल ग्यारशीला आम्ही गेलो नाही. परवा तुमचं कार्ड आलं. तिने ते वाचलं, दुमडलं आणि देवघरात हळदीकुंकवाच्या डब्याखाली ठेवलं. शिवानीने ते तिथून काढून एकेक अक्षर लावत वाचलं. तासाभराने पाहतो तर पोर बॅग भरून हॉलमध्ये उभी. "माझ्यामुळे आईंचं नाव खराब झालं. मी इंदूरला जाते," म्हणाली आणि रडायलाच लागली.

आक्का, लग्नापासूनच्या तीन वर्षांत सुमंगलेने तिला "सूनबाई"शिवाय दुसरी हाक मारली नव्हती. ती स्वयंपाकघरातून आली, हात पदराला पुसले, चादर ओढून काढली आणि म्हणाली, "शिवानी, बॅग खाली ठेव. खडू आण. मला उतरायचं शिकव."

मी कोपऱ्यात जॅकचा नट आवळत होतो. तो आधीच आवळलेला होता, पण मला दुसरं काही करायला नव्हतं. सुमंगला चड्डी-बनियन चढवून आली आणि वर गेली. मामांची अक्षत घेतलेली जागा तिने ओलांडली, छताला बोट लावलं, आणि मग शिवानी सांगेल तसा एक हात, एक पाय करत स्वतः खाली आली. गादीवर पाय टेकले तेव्हा दोघींनी एकमेकींना अशी मिठी मारली, की खडूने शिवानीची पाठ पांढरी झाली. काल साखर तपासली. एकशे छप्पन्न. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय करता? सुमंगलेने मान वर करून सांगितलं, "पोल डान्स." बाईंनी चष्मा काढला, पुसला, आणि तिच्याकडून आमचा पत्ता लिहून घेतला.

तर तुमच्या कार्डाला माझं उत्तर असं, की खरं आहे, आणि सुमंगलेला ताबडतोब तिकडे आणण्याचं कारण दिसत नाही. हे मी तुमच्यापुढे उभा राहून बोलू शकलो नसतो, म्हणून पत्राने बोललो. रागावायचं असेल तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको.

तुमच्या आशीर्वादाचा हक्कदार,
यशवंता

ता. क. : तरी आज्ञा मोडवत नाही, म्हणून नवरात्रात आम्ही तिघंही धारेला येत आहोत, नऊ दिवस. फक्त तुमच्या माजघराची फरशीपासून तुळईपर्यंतची उंची इंचांत कळवावी. वितीने किंवा साडीने मोजू नये, पोलादी टेपने मोजावी. दुसरा पाइप मी आणला आहे, कापायचा तेवढा बाकी आहे.

ता. क. दुसरा : वन्सं, सुमंगलेचा नमस्कार. पत्र टाकायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. ह्यांनी सगळं लिहिलं, पण मी टेकडीवर गेले की पाइपावर कोण लटकतं ते लिहिलं नाही. कालच ह्यांनी आपल्या पट्ट्याला आतल्या बाजूने नवीन भोक पाडलं आहे. दुसरा पाइप नवरात्रासाठी नाही, ह्यांच्यासाठी आहे, कारण माझ्या पाइपाला मी ह्यांना हात लावू देत नाही. उंची मोजायला तुम्ही स्टुलावर मुळीच चढू नका, आम्ही आलो की मी वर जाऊन मोजीन.

ता. क. तीसरा : आत्याबाई, शिवानीचे प्रणाम. चुकी असेल तर माफ करा, मी मराठीत पहिल्यांदा लिहिते. आत्ताच विठोबामामांचा फोन आला होता. मी घाबरून उचलला. ते छत्रीसाठी नव्हते बोलत. मामींचे गुडघे फार दुखतात म्हणून ते विचारत होते की पाइप किती मोटा आणायचा. त्यांच्या घराची उंची त्यांनी मोजून ठेवली आहे, नऊ फूट तीन इंच. आणि म्हणाले, बेअरिंग जरूर टाका.