रूथचा ट्रान्झिस्टर

अहमदनगर, मंगळवार, जुलै १९७२

माझी भाची रूथ दिल्लीच्या सरकारी कचेरीत चिनी-इंग्रजी भाषांतरकार म्हणून निवडली गेली. फक्त पोलीस चौकशी उरली होती. आज हवालदार आला, तेव्हा ती ट्रान्झिस्टरवर चिनी बातम्या ऐकत होती.

“बाई, दुश्मनाचा रेडिओ ऐकती व्हय ही?”

“अहो, तीच तर हिची नोकरी!”

“म्हंजी चीनची नोकरी?”

“भारत सरकारची!”

“मला हे रिपोर्टात लिवावं लागंल.” आणि वर माझा चहा पिऊन गेला!

चिनी येते म्हणून निवडायचे आणि चिनी येते म्हणूनच नाकारायचे? मग पोरीने भाषा शिकायची कुठे, झोपेत?

रूथने ट्रान्झिस्टर कपाटात ठेवला. मी तो बाहेर काढला आहे. उद्या पोलीस साहेबांच्या टेबलावर हाच लावणार. म्हणणार, सांगा अर्थ. नाहीतर जिला कळतो तिला जाऊ द्या.