मोठीबाईचं बेट

८ डिसें., भंडारा
लाखांदूरहून मोठीबाईचा फोन. धान घरात आलं, आता निघू. म्हणजे आम्हा दोघी बहिणींचा हिवाळा सुरू. म्हटलं, तिकिटं कधीची काढलीत, तू फक्त बॅग भर. "बॅग त कवाचीच भरली, कुंदा. तूच उशीर करून राहिली." पासष्टी उलटली, पण आवाज सहलीला निघालेल्या पोरीचा. या फोननंतर दर वर्षी माझ्या डोळ्यांपुढे ते हिरवं-निळं पाणी येतं. आज भाजीत मीठ टाकायचं राहिलं.

२२ डिसें., नील बेट
पोचलो. नागपूर, चेन्नई, विमानाने पोर्ट ब्लेअर, मग बोट. अंग आंबलं. घरमालकीण दीदी दारातच, "आ गईं मेरी भंडारावाली!" तीच खोली, तीच खिडकी. जेटीवर उतरताना मोठीबाईने चपला काढून हातात घेतल्या, विहारात शिरावं तशा. दर वर्षी घेते.
दुपारी किनाऱ्यावरच्या सी-महुआच्या झाडाखाली आडव्या झालो. मोठीबाई वर बघत, "नावाचाच मोह. ना फूल, ना वास." झोप लागली. जागी झाले तेव्हा पाणी पार लांब गेलेलं, आणि आपण कुठल्या गावात आहोत तेच आठवेना. ते न आठवणं फार आवडतं मला. त्याच्यासाठीच येते, खरं तर.

२४ डिसें.
काहीही केलं नाही. पोस्टात जन्मभर शिक्के मारले, त्या हातांना इथं वाळू चाळण्यापलीकडे काम नाही. मोठीबाई मात्र सकाळपासून दीदींच्या शेतात. इथंही धान, बांध, बगळे. म्हटलं, हेच बघायचं होतं तर लाखांदूर काय वाईट? हसली नुसती.

२५ डिसें.
सांजेला वाळूवर बसलो होतो. आकाश अजून उजळ. मोठीबाई एकदम म्हणाली, "मी यंदा वापस नाही येत."
मी हसले. ती हसली नाही. दीदी एकट्या, मुलगी पोर्ट ब्लेअरला, शेत झेपत नाही. दोघींचं ठरलंय म्हणे. मला न विचारता!
"पोरगा शेती सांभाळते. गावाले मी कोनाची आई, कोनाची सासू, कोनाची काकी. इथं नुसती मी आहे. बरं वाटते."
बेट मी शोधलं, हट्टाने हिला आणलं, आणि राहणार ही. राग आला. त्याहून जास्त भीती वाटली.

२७ डिसें.
नाल्याच्या तोंडाशी पाणी हटलंय, काळा मऊ गाळ उघडा पडलाय. मोठीबाईने मूठभर उचलून वास घेतला, तेव्हाच ओळखलं. गाळपेर! आमच्याकडे दिवाळीनंतर तलाव उतरत जातो आणि मागे राहिलेल्या गाळात लाखोळीची डाळ पेरतात; पावसाळ्यापर्यंत पाणी परत फिरकत नाही. हिच्या पिशवीत लाखोळीचं बी निघालं. मला वरणासाठी आणलंय म्हणून सांगितलं होतं.
"समुद्र आहे बाई, पाणी येईल."
"रोजचं पाणी कुठवर येते ते पाहून ठेवलं. त्याच्या वरतं टाकून राहिली."
दीदी मुलीकडे गेलेल्या, विचारणार कोणाला? मीही तलावाकाठचीच. पटलं.

१ जाने.
कोंब. विरळ, पण आहेत. मोठीबाई त्यांच्यापाशी उकिडवी बसून काहीतरी गुणगुणते. एवढी सुखात हिला कधी पाहिली नव्हती, तिच्या लग्नातसुद्धा नाही.
भाच्याचा फोन. "जयभीम मावशी. आईले समजाव ना जरा." समजावते म्हटलं. पण दिवसभर पाण्याचे रंग बदलत राहिले, मी बघत राहिले आणि राहूनच गेलं

३ जाने., पौर्णिमा
सकाळी दोघींनी पांढरी लुगडी नेसून व्हरांड्यात वंदना घेतली. मग ती लाखोळीकडे गेली. बराच वेळ येईना म्हणून मी मागे.
गाळ दिसेना. घोटाभर पाणी, अगदी संथ, आणि तळाशी तिची इवली पानं हलताहेत. पौर्णिमेला समुद्र जास्त वर चढतो हे आम्हाला कोण सांगणार? आमचा तलाव चंद्राकडे ढुंकून बघत नाही. मोठीबाई पांढऱ्या लुगड्यात तशीच पाण्यात उभी.
मनात पहिलं काय आलं? बरं झालं. आता ही घरी येईल.

५ जाने.
दीदी परतल्या. बघून कपाळावर हात मारला, "अरे, फोन तो कर लेतीं!" मग दोघी हसत सुटल्या, पोट धरधरून. मला हसू येईना. हसणं ओसरलं तशी मोठीबाई फावडं घेऊन वरच्या बांधावर.
"खारं पानी इथवर नाही येत म्हंते दीदी. उरलेलं बी इथं टाकीन."

७ जाने.
बोट दुपारची. तिकिटं दोघींची. माझी बॅग दारात, मोठीबाईची खुंटीला, रिकामी.
सगळं बोलून पाहिलं. मुलगा काय म्हणेल, दुखलंखुपलं तर कोण बघेल. मग जे बोलायचं नव्हतं तेही बोलले. तुझ्याशिवाय भंडाऱ्यात मी काय करू? कोणाला फोन करू? रडलेच.
तिने हाताची माती लुगड्याला पुसली. वाटलं, आता विरघळली. तर म्हणाली,
"मंग तू कायले चालली?"
आणि गेली बांधावर.
मी बॅगेवर बसून आठवते आहे. घराला कुलूप आहे. कुंड्यांना शेजारीण पाणी घालते. लाईटबिल आपोआप भरलं जातं. आणखी काय बरं
बाहेर रिक्षा आली. "कितने लोग हैं?" रिक्षावाला विचारतोय. दुसऱ्यांदा विचारलं. मी अजून काही सांगितलेलं नाही.